लँकेशायरमधील मराठी ‘प्रो’ : सुभाष गुप्ते यांची कारकीर्द आणि पगारी खेळाडूचा प्रश्न

१

श्रमाच्या मोबदल्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. शेतावर राबणाऱ्यास मजुरी मिळते, कचेरीत बसणाऱ्यास पगार, प्राध्यापकास वेतन, भिक्षुकास दक्षिणा, गवयास बिदागी, व्याख्यात्यास मानधन, आणि मैदान मारलेल्या मल्लास इनाम. निजामी अमलाखालील मराठवाड्यात ह्या मालिकेत ‘तनखा’ हा फारसी शब्दही रुळलेला होता. रक्कम तीच असली तरी शब्द बदलला की घेणाऱ्याची पायरी बदलते. ‘पगार’ हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्यास मानाची वा अपमानाची छटा फारशी नाही. परंतु ‘बिदागी’ या शब्दात निरोपाचा आदर आहे, आणि ‘मजुरी’ या शब्दात आदर शोधूनही सापडत नाही.

ह्या मालिकेत क्रिकेट वा फुटबॉल खेळून उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाच्या वाट्यास कोणता शब्द आला? त्याच्या मोबदल्यास स्वतंत्र नाव मिळालेच नाही. त्यालाच एक विशेषण मिळाले : ‘धंदेवाईक’. त्याच्या उलट ‘हौशी’. अरबीतील ‘हवस’ म्हणजे अनावर इच्छा. मराठीत येताना त्या शब्दातील वखवख गळून पडली आणि ‘हौस’ हा एक सोज्वळ, घरगुती शब्द तयार झाला. ‘धंदा’ हा शब्द मात्र खेळाच्या क्षेत्रात शिरताच मलिन झाला. हौशी खेळाडू खेळावर प्रेम करतो आणि धंदेवाईक पैशावर, असे समीकरण आपल्या वृत्तपत्री भाषेत दीर्घकाळ वावरत होते. पुढे ‘व्यावसायिक’ हा संस्कृत शब्द योजून तो डाग पुसण्याचा प्रयत्न झाला. शब्द बदलावा लागला, यावरूनच जुन्या शब्दाचा भार किती होता हे ध्यानात येते.

प्रस्तुत लेखात ह्या विशेषणामागील इतिहासाचा एक छोटा परंतु बोलका भाग पाहावयाचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात काही मराठी क्रिकेटपटू इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यात, गिरणगावांच्या क्लबांकडून, पगार घेऊन खेळत होते. त्यांत सुभाष गुप्ते यांची कारकीर्द सर्वांत अर्थपूर्ण आहे. पैसे घेऊन खेळणे म्हणजे स्वतःस विकणे, ही आपल्याकडील समजूत ह्या कारकीर्दीच्या कसोटीवर टिकत नाही. उलट, लेखी कराराने बांधलेला खेळाडू हा आश्रयाने बांधलेल्या खेळाडूपेक्षा अधिक स्वतंत्र होता, असाच निष्कर्ष निघतो.

२

नांदेड-लातूरच्या वाचकास लँकेशायर अगदीच परके वाटू नये. नांदेडची ओळख एके काळी गावराणी कापूस आणि उस्मानशाही गिरणी यांवरून होती. लातूरची पेठ हैदराबाद संस्थानातील शेतमालाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होती. कापसाचा भाव पडला की गावाचा चेहरा पडतो, हे येथील माणसास समजावून सांगावे लागत नाही. लँकेशायरमधील ब्लॅकबर्न, ॲक्रिंग्टन, नेल्सन, बर्नले ही गावेही कापसावरच वाढली. तेथे कापूस पिकत नाही. पण हवा दमट असल्यामुळे सूत तुटत नाही, आणि म्हणून गिरण्या तेथे उभ्या राहिल्या.

हिंदुस्थानाशी त्यांचा संबंध आला तो अडचणीच्या काळात. १८६१ ते १८६५ या अवधीत अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदी कापसावर भागवावे लागले. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा माल तेथील विणकरांस नकोसा होता. पश्चिम हिंदुस्थानातून येणाऱ्या अशा कापसास ते सरसकट ‘सुरत’ म्हणत, आणि थोड्याच काळात ‘सुरत’ हे त्या बोलीत कोणत्याही निकृष्ट वस्तूचे विशेषण होऊन बसले. हिंदी मालाच्या नावाने शिवी घडविणाऱ्या ह्याच गावांनी पुढे हिंदी खेळाडू पगार देऊन बोलावले, आणि त्यांस आपले म्हटले.

पगारी खेळाडूची आधुनिक कल्पनाही मुख्यतः ह्याच परगण्यात रुजली. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोन वाजता बंद होऊ लागल्या. कामगारास अर्धा दिवस मोकळा मिळाला, खिशात आठवड्याची मजुरी होती, आणि पाहण्यासाठी खेळ हवा होता. प्रेक्षक तिकीट काढू लागले तेव्हा क्लबांस चांगल्या खेळाडूंची गरज पडली, आणि स्कॉटलंडातून फुटबॉलपटू आणून त्यांस गुपचूप पैसे देण्याची प्रथा पडली. लंडनच्या फुटबॉल संघटनेतील सुखवस्तू मंडळींस हे रुचले नाही. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबाने आपण पैसे देतो असे उघड मान्य केले आणि त्यास स्पर्धेबाहेर काढण्यात आले. परंतु लँकेशायरच्या क्लबांनी निराळी संघटना काढण्याची भाषा करताच १८८५ मध्ये पगारी खेळास मान्यता द्यावी लागली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या बारा क्लबांपैकी सहा लँकेशायरचे होते.

ह्याच नमुन्यावर १८९२ मध्ये क्रिकेटची लँकेशायर लीग उभी राहिली. शेजारशेजारच्या लहान गावांचे क्लब, शनिवारी दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपणारे सामने, आणि मैदानाभोवती गिरणीतून आलेले स्त्रीपुरुष. १९०० पासून नियम असा झाला की प्रत्येक संघात एकच पगारी खेळाडू असावा. उरलेले दहा जण विणकर, दुकानदार, शाळामास्तर, कारकून. त्या एका पगारी खेळाडूस सारे गाव ‘प्रो’ म्हणे. त्याने धावा काढाव्यात, बळी घ्यावेत, आणि आठवड्यातील इतर दिवशी संध्याकाळी गावातील पोरांस शिकवावे, अशी अपेक्षा असे. त्याने अर्धशतक काढले अथवा ठरावीक संख्येने बळी घेतले तर प्रेक्षकांतून पेटी फिरविली जाई आणि जमलेली रक्कम त्यास दिली जाई. आपल्याकडील कुस्तीच्या फडात मल्लाने डाव मारताच प्रेक्षकांतून इनाम पुकारले जाते, त्याच जातीची ही चाल होय.

ह्या लीगची कीर्ती वाढविली ती वेस्ट इंडीजच्या लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी. १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे ते नेल्सनकडून खेळले आणि त्या काळात नेल्सनने सात वेळा विजेतेपद मिळविले. गौरेतर माणूस क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या त्या गावात प्रथम त्यांस कुतूहलाच्या व तिरस्काराच्या नजरा सोसाव्या लागल्या. पुढे त्याच गावास त्यांचा अभिमान वाटू लागला. क्लबाने त्यांस कोणत्याही उपकाराच्या भावनेने ठेवले नव्हते. त्यांच्यामुळे तिकिटे खपत होती, आणि तिकिटांच्या पैशातून त्यांचा करार पाळला जात होता. व्यवहाराचा हा रोकडेपणा त्यांच्या प्रतिष्ठेस बाधक ठरला नाही, उलट पोषकच ठरला.

३

आता आपल्या बाजूचे चित्र पाहू. पैसे घेऊन खेळणारा पहिला थोर मराठी क्रिकेटपटू म्हणून पळवणकर बाळू यांचे नाव घ्यावे लागते. १८७६ मध्ये जन्मलेले बाळू पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. पगार दरमहा चार रुपये. गोऱ्या सभासदांस सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांनी डावखुऱ्या फिरकीवर प्रभुत्व मिळविले. हिंदू संघाने त्यांस मैदानावर घेतले, पण चर्मकार समाजातील म्हणून चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात त्यांनी ११४ बळी घेतले. कोणताही इंग्लिश क्लब अशा गोलंदाजास आनंदाने पगार देता. परंतु ते परत आले, आणि त्यांचे क्रिकेट पुन्हा जातवार व धर्मवार संघांच्या चौकटीतच राहिले.

बाळूंच्याच काळात रणजितसिंहजी इंग्लंडमध्ये खेळत होते. पण ते राजपुत्र, अर्थात हौशी. इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी व पगारी हा भेद भाषेतही पाळला जाई. छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर. दोघांची कपडे बदलण्याची खोली निराळी, कित्येक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दारही निराळे. माणसाची पायरी त्याच्या नावातील अक्षरांच्या क्रमावरून ओळखावी, ही कल्पना ‘राव’, ‘जी’, ‘बा’ अशा प्रत्ययांनी माणसे तोलणाऱ्या मराठी भाषकास नवीन वाटणार नाही. हा भेद इंग्लंडमध्ये १९६२ च्या अखेरीस रद्द झाला.

पुढच्या पिढीतील क्रिकेटपटूंस आधार मिळाला तो संस्थानिकांचा. विजय हजारे यांचे उदाहरण ह्या दृष्टीने नमुनेदार आहे. सांगलीस १९१५ मध्ये एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले हजारे प्रथम देवासच्या महाराजांच्या पदरी होते, नंतर बडोद्यास गेले. लष्करी हुद्दा मिळावा, काम मात्र क्रिकेटचे असावे, अशी ही व्यवस्था होती. ती सुखाची होती हे निर्विवाद. परंतु ती मर्जीवर अवलंबून होती. हुद्दा राजाने दिलेला, घर राजाने दिलेले; मोबदल्याचा स्पष्ट उच्चार कोठेही नाही, आणि म्हणून खेळाडूचा हक्कही कोठे नाही. असा खेळाडू पैसे घेत असे, तरी त्यास धंदेवाईक म्हणत नसत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आश्रयाच्या भाषेत पैशाचे नाव उच्चारले जात नसल्यामुळे तो सभ्य राहिला.

१९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि ही छत्रछाया विरळ होत गेली. नव्या मंडळाजवळ खेळाडूंस वर्षभर पोसण्याइतका पैसा नव्हता. नोकरी सांभाळून क्रिकेट खेळावे, एवढाच मार्ग उरला. नेमक्या ह्याच सुमारास लँकेशायरच्या क्लबांची निमंत्रणे वाढली. महायुद्धापूर्वी अमरसिंह कोल्नकडून व लाला अमरनाथ नेल्सनकडून खेळून आले होतेच. आता वेस्ट इंडीजचे वीक्स, वॉलकॉट व वॉरेल हे तिघे त्या भागातील क्लबांत आले, आणि हजारेही रॉटनस्टॉल येथे प्रो म्हणून गेले. ऋतुचक्र सोयीचे होते. भारतातील क्रिकेट ऑक्टोबर ते मार्च, इंग्लंडचे एप्रिल ते सप्टेंबर. बीड-लातूरचा ऊसतोड कामगार जसा पीक संपताच कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतो, तसेच हे हंगामी स्थलांतर होते. मात्र एका बाबतीत दोहोंत मोठे अंतर होते. ऊसतोड कामगार ‘उचल’ घेऊन निघतो आणि त्या उचलीने बांधला जातो. प्रोचा करार लेखी, मुदतीचा, आणि उभयपक्षी बंधनकारक असे.

४

आश्रय आणि करार ह्यांतील विरोध उघड्यावर आला तो १९५२ साली. त्या उन्हाळ्यात हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला जावयाचा होता. विनू मंकड हे त्या वेळचे आपले सर्वश्रेष्ठ अष्टपैलू खेळाडू. हॅस्लिंग्डन क्लबाने त्यांस त्या हंगामासाठी प्रो म्हणून मागणी घातली होती. संघात आपली निवड निश्चित असल्याचे मंडळाने आधी सांगावे, म्हणजे आपण क्लबास नकार देऊ, असे मंकडांचे म्हणणे होते. मंडळाने आश्वासन दिले नाही. मंकड हॅस्लिंग्डनला गेले.

जून महिन्यात लीड्स येथे पहिला कसोटी सामना झाला. पहिल्या डावात विजय मांजरेकर यांनी १३३ व हजारे यांनी ८९ धावा काढून लाज राखली; पण दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना भारताचे चार बळी गेले. मग मंडळास मंकडांची आठवण झाली, आणि हॅस्लिंग्डनची मनधरणी करावी लागली. क्लबाने त्यांस मोकळे केले. लॉर्ड्सवर मंकडांनी पहिल्या डावात ७२ धावा काढल्या, इंग्लंडच्या डावात ७३ षटके टाकून पाच गडी बाद केले, आणि दुसऱ्या डावात १८४ धावा केल्या. सामना भारताने गमावला; पण तो सामना आजही मंकडांच्या नावाने ओळखला जातो.

मंकड मराठी नव्हते, जामनगरचे. तथापि ह्या प्रकरणाशिवाय आपला विषय पुरता उलगडत नाही. त्या वेळी टीकेचा सूर असा होता की मंकडांनी देशापेक्षा पैसा मोठा मानला. वस्तुस्थिती अशी की त्यांनी एका बाजूस शब्द मागितला आणि तो मिळाला नाही. दुसऱ्या बाजूने करार पुढे केला आणि त्यांनी तो पाळला. पुढे गरज पडताच देशासाठी खेळण्यासही ते सिद्ध झाले. ज्याला आपण ‘धंदेवाईक वृत्ती’ म्हणून नावे ठेवली, ती दिलेल्या शब्दास जागण्याची वृत्ती होती. निष्ठेची अपेक्षा करणाऱ्याने स्वतःवरही काही बंधन घेतले पाहिजे, हा साधा न्याय त्या गिरणगावच्या क्लबास कळत होता.

५

ह्या पार्श्वभूमीवर सुभाष गुप्ते यांची कारकीर्द वाचावयास हवी. जन्म मुंबईत, ११ डिसेंबर १९२९ रोजी. पहिला कसोटी सामना १९५१–५२ च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध कलकत्त्यास. त्यात त्यांस यश आले नाही. परंतु १९५३ च्या प्रारंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात, वीक्स, वॉरेल व वॉलकॉट यांसारख्या फलंदाजांविरुद्ध, त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. त्यांचा लेगब्रेक उंच व सावकाश येई, फलंदाजास पुढे बोलावी आणि मग फसवी; गुगलीचेही त्यांच्याजवळ दोन निरनिराळे प्रकार होते. १९५४–५५ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या एका संघाविरुद्ध मुंबईकडून खेळताना त्यांनी एका डावात ७८ धावांत सर्वच्या सर्व दहा गडी बाद केले. त्याच हंगामात पाकिस्तानविरुद्ध कसोटीत २१, आणि १९५५–५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ३४ बळी. ह्या काळात जगात त्यांच्या तोडीचा लेगस्पिनर नव्हता असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ह्याच वर्षांत, भारतातील हंगाम नसताना, गुप्ते लँकेशायर लीगमध्ये रिश्टनचे प्रो होते. रिश्टन हे ब्लॅकबर्न व ॲक्रिंग्टन यांच्या मधले लहानसे गाव. जवळून लीड्स-लिव्हरपूल कालवा जातो. लेगस्पिनरसाठी ही परीक्षा सोपी नव्हती. ज्या ओलाव्यामुळे तेथे सूत चांगले निघते, त्याच ओलाव्यामुळे चेंडू बोटांत निसटतो. सामना एका दुपारचा, म्हणजे फलंदाजास चार षटके खेळवून पाचव्यात फसविण्याइतका निवांतपणा नाही. समोर कारखान्यात काम करणारा फलंदाज, त्यास तंत्रापेक्षा सीमापार मारण्याची घाई. शिवाय झेल पकडणारे सहकारी हौशी. कसोटीतील गोलंदाजास येथे दर शनिवारी नव्याने आपली किंमत सिद्ध करावी लागे. संघातील एकमेव पगारी माणूस तोच, आणि हार झाली तर पहिले बोट त्याच्याकडे.

परंतु ह्या कठोरतेतच त्याचे स्वातंत्र्य होते. रिश्टनच्या मंडळींस गुप्ते कोणत्या जातीचे, कोणाच्या पक्षाचे, कोणत्या संस्थानिकाच्या मर्जीतले, ह्याशी कर्तव्य नव्हते. त्यांनी बळी घ्यावेत आणि पोरांस शिकवावे. मोबदला ठरलेला, मुदत ठरलेली. बाळूंस जिमखान्याने चार रुपये दिले ते नोकर म्हणून. हजारे यांस देवासने हुद्दा दिला तो आश्रित म्हणून. गुप्त्यांस रिश्टनने पगार दिला तो कारागीर म्हणून. पगारी मराठी क्रिकेटपटूच्या इतिहासातील हे तीन टप्पे ह्या तीन नात्यांनी नीट वेगळे करता येतात.

भारतातील त्यांची कामगिरी पुढेही चालूच राहिली. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी एका डावात १०२ धावांत नऊ गडी बाद केले. उरलेल्या एका गड्याचा, लान्स गिब्ज याचा, झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला, नाहीतर दहाही त्यांचे झाले असते. डिसेंबर १९६१ मध्ये त्याच कानपुरात इंग्लंडविरुद्ध त्यांनी ९० धावांत पाच बळी मिळविले आणि भारताविरुद्ध प्रथमच इंग्लंडवर फॉलो-ऑनची पाळी आली.

पुढचाच, दिल्लीचा कसोटी सामना त्यांचा अखेरचा ठरला. हॉटेलात गुप्ते व ए. जी. कृपालसिंग एका खोलीत उतरले होते. त्या खोलीतून झालेल्या दूरध्वनीबद्दल हॉटेलातील एका महिला कर्मचाऱ्याने तक्रार केली. दूरध्वनी कृपालसिंग यांनी केला होता हे पुढे सर्वत्र मान्य झाले. गुप्त्यांचा दोष एवढाच की ते त्याच खोलीत राहत होते. तरीही दोघांसही संघातून वगळण्यात आले आणि १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी गुप्त्यांचा विचार झाला नाही. ३६ कसोटींत १४९ बळी घेतलेल्या, बत्तीस वर्षांच्या गोलंदाजाची कसोटी कारकीर्द अशा रीतीने संपली.

येथे थांबून विचार करावा लागतो. मंडळाशी गुप्त्यांचा कोणताही करार नव्हता. ते देशासाठी ‘हौशी’ म्हणून खेळत होते. त्यामुळे त्यांस काढून टाकण्यासाठी कारण सिद्ध करण्याची गरज कोणास पडली नाही. लीगमधील क्लबास हंगामाच्या मध्येच प्रोला हाकलता आले नसते, निदान कराराची भरपाई केल्यावाचून. ज्या नात्यात पैशाचा उघड उच्चार होता तेथे त्यांस संरक्षण होते. ज्या नात्यात केवळ मान होता तेथे तो मान एका सायंकाळी काढून घेता आला. हौशीपणाची थोरवी गाणाऱ्यांनी ह्या प्रसंगाचा हिशेब दिलेला नाही.

गुप्त्यांचा विवाह त्रिनिदादमधील तरुणीशी झाला होता. १९५३ च्या दौऱ्यात त्यांची ओळख झाली होती. कसोटीचे दार बंद झाल्यावर ते त्रिनिदादला स्थायिक झाले, तेथील संघाकडून खेळले, साखरधंद्यात नोकरी केली, आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे निवर्तले. गारफिल्ड सोबर्स यांनी शेन वॉर्न याच्या काळातही गुप्ते यांनाच आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानले, हे मत त्यांनी अनेकदा बोलून दाखविले आहे.

६

लीगचे पुढे काय झाले? लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जशी आपल्याकडे नांदेडची गिरणीही बंद पडली. पण क्लब टिकले. १९८७ मध्ये रिश्टनचा प्रो होता व्हिव्हियन रिचर्ड्स. मध्यंतरी १९६८ पासून इंग्लंडच्या परगणा संघांची दारे परदेशी खेळाडूंस अधिक मोकळी झाली. परगण्यात जन्मलेल्यांसच घेण्याची परंपरा जपणाऱ्या यॉर्कशायरनेही १९९२ मध्ये आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांची निवड केली; त्या हंगामात त्यांनी हजारावर धावा काढल्या. जन्मभूमीचा निकष बाजूस सारून कसबाचा निकष लावण्यास त्या परगण्यास शंभरावर वर्षे लागली. लँकेशायरच्या गिरणगावांनी तो निर्णय फार आधी घेतला होता.

फुटबॉलमध्ये हीच वाट अधिक उशिरा व अधिक बिकट ठरली. १९९९ मध्ये दोन परदेशी खेळाडू इंग्लंडच्या ह्याच भागात आले. फिनलंडचा सामी ह्युपिया लिव्हरपूलला आला आणि दहा हंगाम राहून युरोपचा अजिंक्यपद-चषक मिळविलेल्या संघाचा आधारस्तंभ झाला. सिक्कीमचा बायचुंग भुतिया बरी ह्या क्लबात आला. तेथे त्याची तीन वर्षे दुखापतींत आणि क्लबाच्या आर्थिक विपत्तीत गेली. फिनलंडची लोकसंख्या महाराष्ट्रातील दोन-तीन मोठ्या जिल्ह्यांस सहज मागे टाकील अशी नव्हे. पण ह्युपिया येथे पोहोचण्यापूर्वी हॉलंडच्या क्लबात करारावर खेळून तयार झाला होता. भुतियास मधली अशी पायरी मिळाली नाही. गुणांच्या जोडीस शिडीही लागते, एवढाच त्यातील बोध. २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वर हॅचरीज समूहाने रिश्टनपासून काही मैलांवर असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला, आणि २०१९ मध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव तेथे काही महिने सरावासाठी राहून आला. मालक मराठी मुलखातला झाला, तरी मराठी प्रो मात्र त्या मैदानावर अद्याप उभा राहिलेला नाही.

हे सारे पाहिल्यावर आरंभीच्या शब्दांकडे पुन्हा वळणे क्रमप्राप्त आहे. आपल्या कुस्तीच्या परंपरेत पैशाची लाज कधी नव्हती. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारख्या मल्लांनी इनामाच्या कुस्त्या केल्या. त्यांस कोणी धंदेवाईक म्हटले नाही. ‘खुराक’ हा शब्दच सांगतो की मल्लाचे शरीर हे त्याचे अवजार आहे आणि अवजाराची निगा राखण्यास खर्च येतो. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या क्रिकेटने मात्र हौशीपणाचा इंग्लिश उमरावी आदर्श आणला, आणि आपल्या मध्यमवर्गाने तो उमरावांचे उत्पन्न नसतानाही स्वीकारला. त्याची किंमत बाळूंनी दिली, मंकडांनी दिली, आणि सर्वांत अधिक गुप्त्यांनी दिली.

आज नांदेड-लातूरच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलांसमोर लिलावाचे मोठे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांची टवाळी करणारे हौशीपणाचे नवे भक्तही आहेत. दोघांनीही रिश्टनच्या प्रोचा इतिहास वाचावा. त्याच्या पगाराची रक्कम मोठी नव्हती. मोठी गोष्ट ही की ती ठरलेली होती, लिहिलेली होती, आणि दोन्ही पक्षांनी पाळावयाची होती. ‘व्यवसाय’ ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ निश्चय, दृढ प्रयत्न असा आहे. त्या अर्थाने सुभाष गुप्ते हे व्यावसायिक होते; आणि ह्या विशेषणात कमीपणा नाही, हे आपल्या भाषेस उशिरा उमगले.